ॲपने अमेरिकन पतंग सांगितला? ठाण्या-नवी मुंबईत आधी हे तपासा

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर किड्यांचे फोटो सुरू होतात, घोडबंदर रोड, येऊरचा पायथा, खारघर, बेलापूर, म्हणजे जिथे जिथे डोंगर बिल्डिंगला टेकलाय तिथे तर रोजचंच. एक जण जिन्यातल्या ट्यूबलाईटखालच्या पतंगाचा फोटो टाकतो, दुसरा तो गुगल लेन्सला दाखवतो आणि लगेच निकाल जाहीर, "लुना मॉथ". मग पाच-सहा जण वॉव टाकतात, विषय संपला. आता लुना मॉथ हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला पतंग, तो मानपाड्याच्या जिन्यात यायला काही कारणच नाही, पण ॲपने सांगितलंय म्हटल्यावर विचारणार कोण.

माझं म्हणणं एवढंच आहे की अमेरिकेतले जे मोठे, देखणे भुंगे-पतंग फोटोत बघून आपण खूश होतो ते इथे नसतात, आणि अमेरिकेतले जे खरंच इथे येऊन राहिलेत ते इतके साधे दिसतात की त्यांचा फोटो काढायचं कोणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे तपासायचं दोन्ही बाजूंनी.

फोटो आणि लोकेशन

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो ओळखायच्या ॲपला देऊ नका. व्हॉट्सॲप फोटोतली लोकेशनची माहिती पुसून टाकतं, मग फोटो ठाण्याचा की टेक्सासचा हे ॲपला कळणार कसं. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून ओरिजिनल मागवा, किंवा त्यालाच अपलोड करायला सांगा. लेन्स तर सरळ फोटोशी फोटो जुळवतं, आणि नेटवर अमेरिकेतल्या किड्यांचे नीट नाव लावलेले फोटो ढिगाने पडलेत, म्हणून उत्तर पण तिकडचंच येतं. आयनॅचरलिस्ट, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायचं आणि ओळखायचं ॲप, ते जरा बरं, कारण त्यात तुम्ही जागा टाकलीत की जवळपास काय सापडतं ते बघून नावं सुचवतं. पण जागा टाकायला लागते हो, ती रिकामी ठेवून लोक पुढे जातात आणि मग ॲपला शिव्या.

फोटो एकच काढू नका. पतंग असेल तर वरून एक, बाजूने एक, मिशांचा जवळून एक, आणि भुंगा असेल तर समोरून शिंग-डोकं आणि पोटाची बाजू पण. शेजारी दहाचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं, मग साईजचा वाद राहत नाही. आणि कशावर बसला होता ते लिहून ठेवा, भिंत होती की झाड, झाड असेल तर कुठलं. अळीच्या बाबतीत तर झाडाचं नाव म्हणजे अर्धी ओळख झाली, ते पुढे सांगतेच.

नाव आलं की आधी जागा बघा, मग रूप

ॲपने नाव दिलं की रंग-डिझाईन जुळतं का ते बघायच्या आधी तो किडा राहतो कुठे हे शोधा. आयनॅचरलिस्टवर त्या नावाचा नकाशा उघडा, सगळे ठिपके अमेरिकेत आणि भारतात एकही नाही असं असेल तर थांबा. मग त्याच्या नावातला पहिला शब्द घ्या, म्हणजे जीनस, तो शोधा आणि जागा "महाराष्ट्र" करा. बहुतेक वेळा इथला चुलत भाऊ तिथेच सापडतो.

लुनाचंच घ्या. त्याचं जीनस ॲक्टियास. अमेरिकेत लुना आहे, आणि आपल्याकडे ॲक्टियास सेलेने, म्हणजे इंडियन मून मॉथ. फिकट पोपटी पंख, मागे लांब शेपट्या, पुढच्या पंखाची कडा मरून, दोघांचंही सेम. नुसत्या फोटोवरून ॲपचा गोंधळ होणारच, त्यात त्याची फार चूक नाही. पण फोटो येऊरचा आहे एवढं कळलं की प्रश्न मिटतो. तो दिसला तर त्याला साखरपाणी वगैरे द्यायला जाऊ नका, या पतंगांना मोठं झाल्यावर खायला कामाचं तोंडच नसतं, अळी असताना जे खाल्लं त्याच्यावर जेमतेम आठवडाभर जगतात.

ॲटलास मॉथ या भल्यामोठ्या पतंगाबद्दल दरवर्षी बातमी येते, तो मात्र आपल्या बाजूचाच. अमेरिकेत त्याच्यासारखा दिसणारा एक गट आहे, रॉथशिल्डिया, त्याच्याही पंखांना काचेसारख्या आरपार खिडक्या असतात, आणि ॲप कधीकधी तेच नाव फेकतं. रॉथशिल्डिया फक्त अमेरिका खंडांत. (उत्तर मेक्सिकोतले याकी लोक त्याचे रिकामे कोष दोऱ्यात ओवून, आत खडे भरून नाचताना पायाला बांधतात, आपले घुंगरूच की.) तिसरं नाव येतं सेक्रोपियाचं, तो उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा पतंग, पंख साधारण १५ सेंटीमीटर, कधी थोडे जास्त. आपला ॲटलास २४-२५ सेंटीमीटरपर्यंत जातो. म्हणून ते नाणं ठेवा म्हटलं.

सगळ्यात जास्त गोंधळ हिरव्या पतंगाचा होतो. लष्करी गणवेशासारखे हिरवे-गुलाबी पट्टे, जेट विमानासारखा आकार, सोसायटीच्या गेटपाशी किंवा लिफ्टच्या दाराला बसलेला. ॲप सांगतं पँडोरा स्फिंक्स. तो अमेरिकेतला, त्याची अळी द्राक्षाच्या वेलीवर वाढते. इथला जो आहे तो ओलिअँडर हॉकमॉथ, डॅफ्निस नेरी, आणि त्याची अळी तगर, कण्हेर, सदाफुली खाते. नवी मुंबईतल्या किती सोसायट्यांच्या कुंपणाला तगर लावलीय ते आठवा, म्हणजे हा पतंग एवढा का दिसतो ते कळेल. तगरीची पानं शेंड्याकडून फस्त व्हायला लागली की खाली बघा, फरशीवर मिरीपेक्षा मोठ्या गडद गोळ्या पडलेल्या असतात, ती त्याची लेंडी. त्याच्या बरोबर वरच्या फांदीवर अळी असते, बोटाएवढी, हिरवीगार, मागच्या टोकाला छोटं शिंग, आणि डोक्यामागे निळे-पांढरे दोन मोठे डोळे. डोळे खोटे आहेत, पक्ष्यांना घाबरवायला. हात लावलात की डोकं आत ओढून ते डोळे फुगवते आणि माळीकाका ओरडतात, "साप साप!" चावत नाही, डंख नाही, तगर परत फुटते, फवारणी करू नका प्लीज. कोषात जायच्या आधी तीच अळी चॉकलेटी होते आणि खाली उतरून सरपटत जागा शोधते, ती दुसरी जात नव्हे.

काळपट, वटवाघळाएवढा वाटणारा पतंग पावसात घरात घुसून भिंतीच्या कोपऱ्यात बसला की ॲप हमखास ब्लॅक विच सांगतं. मेक्सिकोत त्याला मरणाची पाकोळी म्हणतात, मग ती गोष्ट पण ग्रुपवर फिरते आणि आजीबाईंना टेन्शन. इथे जो बसतो तो बहुतेक एरेबस नाहीतर स्पिरामा असतो. एरेबसच्या पुढच्या पंखावर मोठ्ठा गोल डोळा असतो, आत वळण घेतलेला, ब्लॅक विचच्या पंखावरची खूण त्यामानाने बारकी. लाईट बंद करा, खिडकी उघडा, जातो निघून.

ती विषारी अळी

हा भाग जरा सविस्तर, कारण इथे घबराट होते. अमेरिकेत मेगालोपायगिडी नावाचं एक कुटुंब आहे, त्यातली पस कॅटरपिलर म्हणजे केसाळ विगच्या तुकड्यासारखी दिसते, आणि त्या केसांखाली विषारी काटे असतात. फ्लोरिडा-टेक्सासमध्ये तिचा डंख बसून लोक हॉस्पिटलात जातात हे खरंय. दक्षिण अमेरिकेत लोनोमिया नावाची अळी याहून वाईट, तिच्या विषाने रक्त गोठायचं थांबून शरीरात रक्तस्राव होतो, माणसं दगावलीत, ब्राझीलच्या बुटान्टान संस्थेत त्याच्यावर प्रतिविष बनतं. ही दोन्ही कुटुंबं-गट अमेरिका खंडांतच. भारतात नाहीत.

पण फॉरवर्डमध्ये फोटो तिकडचा आणि मजकूर "आपल्या भागात सापडली, पाच मिनिटांत मृत्यू" असा असतो. २०२२ च्या पावसाळ्यात घोणस अळीचा जो गाजावाजा झाला तो आठवत असेल. घोणस अळी इथलीच, लिमॅकोडिडी कुटुंबातली, स्लग कॅटरपिलर म्हणतात ती. पायच नाहीत असं वाटावं अशी चपटी, हिरवट-पिवळट, कडेने काट्यांचे झुबके. डंख बसला की जबरदस्त आग होते, सूज येते, पण ती जीवघेणी नाही. काटे कातडीत अडकतात, म्हणून चोळायचं नाही. सेलोटेप चिकटवून हलकेच ओढा, दोन-तीन वेळा नवीन टेप घेऊन, मग साबणपाण्याने धुवा आणि बर्फ लावा. श्वासाला त्रास, चक्कर, तोंडावर सूज असं काही झालं, किंवा डोळ्यात काटे गेले, तर थेट डॉक्टर. आणि अळीचा फोटो काढून न्या.

भुंगे

शिंगवाला काळा भुंगा दिसला की हर्क्युलिस बीटल. हर्क्युलिस मध्य-दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचा, नर शिंगासकट १७ सेंटीमीटरच्या आसपास जातो, आणि त्याला दोन शिंगं, एक पाठीवरून पुढे आलेलं, एक डोक्यातून वर, चिमट्यासारखी. वरचे पंख पिवळट-ऑलिव्ह, आणि हवा दमट झाली की तेच काळे दिसायला लागतात, भारी प्रकार आहे. आपल्याकडे दिव्याला आपटणारा जो असतो तो गेंड्या भुंगा, ओरिक्टीस, चार-पाच सेंटीमीटर, डोक्यावर एकच मागे वळलेलं शिंग. आजूबाजूला नारळ असतील तर वर बघा, झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या व्ही आकारात कातरलेल्या असतील तर हाच. त्याच्या अळ्या शेणखतात आणि कुजलेल्या पाल्यात वाढतात, त्यामुळे सोसायटीचा कंपोस्टचा खड्डा महिनोन्महिने न हलवता पडून असेल तर तिथे पांढऱ्या, सी आकाराच्या जाड अळ्या शोधा.

पाठीवरचं आणि डोक्यावरचं, दोन्ही शिंगांना टोकाला फाटे असतील तर तो झायलोट्रुपीस, छोटा हर्क्युलिसच वाटतो, पण तो पण आशियातलाच.

काजव्यांना ॲप फोटायनस किंवा फोट्यूरिस म्हणतं. दोन्ही जीनस अमेरिकेतली. इथे ॲबस्कॉन्डिटा वगैरे शोधा.

चटकन तपासायला एवढी नावं मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा: मेगालोपायगिडी, मिमॅलोनिडी, डॅल्सेरिडी, हेमिल्युसिनी हे पतंगांचे गट, आणि जीनसमध्ये रॉथशिल्डिया, हायलोफोरा, ऑटोमेरिस, डायनॅस्टीस, मेगासोमा, फोटायनस, फोट्यूरिस. यातलं काही येऊरच्या फोटोला आलं तर सरळ खोडा. उलट ॲक्टियास, अँथेरिया अशी काही जीनस दोन्हीकडे आहेत, तिथे जीनस ठेवा आणि जात बदला. अँथेरियातला पॉलिफिमस तिकडचा, टसर रेशमाचा पतंग आपला.

आता जे खरंच अमेरिकेतून आलेत

यांच्यात देखणं कोणी नाही. एक अपवाद करता येईल, तो गाजर गवतावरचा भुंगा.

रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, पाम बीच रोडच्या मागच्या बाजूला गाजर गवत माजतं, काँग्रेस गवत म्हणतात तेच. ते स्वतः अमेरिकेतलं, आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं. त्याला खाणारं इथे कोणी नव्हतं म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा मुद्दाम आणला, बंगळुरूला तपासण्या केल्या आणि १९८४ पासून सोडायला सुरुवात झाली. पुढे तो सूर्यफुलावर दिसला म्हणून मोठा वादही झाला होता. जून ते ऑक्टोबर शोधा. पाच-सहा मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, मळकट पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी उभे, वेडेवाकडे पट्टे. पानं चाळणी झालेलं किंवा नुसत्या काड्या उरलेलं गाजर गवत दिसलं की तिथे वाका, शेंड्यात भुंगे आणि पिवळट अळ्या एकत्र सापडतात. पावसाळा सरला की जमिनीत जाऊन झोपतो, मग पुढच्या पावसापर्यंत दर्शन नाही. लांब बाह्यांचा शर्ट घाला, गाजर गवताने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं.

गंमत म्हणजे या एकाच्या बाबतीत ॲप भलतंच अमेरिकन नाव देतं, कोलोरॅडो पोटॅटो बीटल. तो बटाट्यावरचा, दुप्पट मोठा, पिवळ्या पाठीवर दहा सरळ काळ्या रेघा, आणि भारतात तो नाही. गाजर गवतावर बसलेला पट्टेवाला म्हणजे झायगोग्रामा, एवढं पुरे. त्याला मारू नका, उचलून दुसऱ्या प्लॉटवर नेऊन पण सोडू नका.

तसाच मुद्दाम आणलेला दुसरा, जलपर्णीवरचा सोंडवाला भुंगा, निओकेटिना. दोन जाती, १९८२-८३ मध्ये भारतात आणल्या, मूळ दक्षिण अमेरिकेतल्या, जलपर्णीही तिथलीच. भुंगा दिसणं अवघड, चार-पाच मिलिमीटरचा, मातकट, दिवसा गड्ड्यात लपून राहतो. त्याऐवजी पान बघा. पानावर बारीक चौकोनी, खरवडल्यासारखे तपकिरी डाग असतील तर रात्री तो चरून गेलाय. फुगलेला देठ उभा चिरलात तर आत बोगदा आणि पांढरी अळी मिळेल. हे उल्हास नदीवर किंवा एखाद्या तलावाच्या काठाला करायचं, काठावरूनच, जलपर्णीखाली किती पाणी आहे ते दिसत नाही, पाय टाकू नका.

बाकीचे दोघं आगंतुक, कोणी बोलावलं नव्हतं. अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ ला आणि भारतात २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली, पतंग शेकडो किलोमीटर उडतो त्यामुळे आश्चर्य नाही. मुख्य खाद्य मका. डोक्यावर उलटा वाय, आणि शेपटीच्या थोडं आधी चार काळे ठिपके, बरोबर चौकोनात. दोन्ही खुणा दिसल्या पाहिजेत. तुर्भ्याच्या मार्केटमधून आणलेल्या कणसाच्या शेंड्याला अळी निघाली तर ती बऱ्याचदा घाटे अळी असते, जिला कापसावर अमेरिकन बोंडअळी म्हणतात. नावात अमेरिका असली तरी ती आशिया-आफ्रिका-युरोपकडचीच, उलट ब्राझीलमध्ये ती २०१३ ला नव्याने सापडली म्हणून तिकडे धावपळ. तेवढा शेंडा कापा, बाकी कणीस भाजून खा.

दुसरा टुटा, टोमॅटोवरचा बारका पतंग, दक्षिण अमेरिकेतला, भारतात २०१४ ला महाराष्ट्रातच पहिल्यांदा नोंदला गेला. बाल्कनीत टोमॅटो लावलाय त्यांनी पानं उजेडासमोर धरून बघा. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये मोठा, पसरट, कागदासारखा डाग आणि आत काळी विष्ठा असेल तर टुटा. नुसती पांढरी नागमोडी बारीक रेघ असेल तर ती नागअळी, ती माशीची, आपल्या विषयात बसत नाही. टुटाची पानं तोडून पिशवीत गाठ मारून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मगच कचऱ्यात टाका. कुंडीखाली टाकलीत तर अळी मातीत कोष करते आणि परत सगळं पहिल्यापासून.

स्वतः शोधायचं असेल तर

रात्री येऊरच्या जंगलात शिरू नका, नॅशनल पार्क आहे, परवानगी लागते आणि बिबटे आहेत. गरजही नाही. गच्चीवर पांढरी चादर ताणा, समोर यूव्ही बल्ब, अमावस्येच्या आसपासची दमट, वारा नसलेली रात्र, आठ ते बारा. साध्या एलईडीला फार कमी येतात, त्यात यूव्ही जवळजवळ नसतं. काम झालं की बल्ब बंद करून चादर हलकेच झटका, सकाळपर्यंत ठेवलीत तर कावळे आणि बुलबुल नाश्ता करतात. जुलैच्या शेवटी नॅशनल मॉथ वीक असतो, २०१२ पासून चालू आहे, न्यू जर्सीतून सुरू झालेला, तेव्हा टाकलेल्या नोंदींकडे जाणकारांचं जास्त लक्ष जातं.

नोंद टाकताना जातीपर्यंत जायचा हट्ट नको. खात्री जीनसची असेल तर जीनसवर थांबा, तीही नसेल तर नुसतं "पतंग" लिहा, कोणीतरी पुढे नेतं. आणि आधीच कोणी येऊरच्या फोटोला लुना मॉथ लावून ठेवलं असेल तर खाली सेलेने सुचवून जा, दोन ओळींत कारण लिहा, भांडू नका.